बिडीवाल्याच्या हिरडीचं कलम

नागपूरच्या एका दवाखान्यात केसपेपर भरताना शिकाऊ डॉक्टर मुलीने मामांना विचारलं, "सिगारेट दिवसाला किती?" मामांनी छातीवर हात ठेवला. "शिगरेट? नाही बा. कधी हातातबी नाही धरली." तिने रकान्यात शून्य लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, मामा, रोज एक बंडल बिडी कुठे गेली? तर ते शांतपणे म्हणाले, "बिडीचं कुठी इचारलं त्यायनं?"

मामा सौसरकडचे. संत्र्याची बाग, वय साठीच्या पुढे, आणि तक्रार अशी की दात लांब झाले. आपल्याकडे लोक असंच सांगतात. दात काही वाढत नाहीत, हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. दाताच्या वरच्या भागाला जसं कठीण कवच असतं तसं मुळाला नसतं, त्यामुळे गार पाण्याने, आंबटाने, कधी नुसत्या वाऱ्यानेही झणका बसतो. संत्र्याच्या बागेचा मालक संत्र्याची फोड वरच्या सुळ्याला लागू नये म्हणून तोंड वाकडं करून खातो, हे बघायला विचित्रच वाटतं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आता हिरडीचं ऑपरेशन होतं, टाळूचं मांस काढून लावतात. म्हणून आम्ही आलो होतो.

ऑपरेशन होतं हे खरं. प्रश्न इतकाच की बिडी ओढणाऱ्याच्या तोंडात ते धरतं का. या एका प्रश्नावर बरंच लिहिलं गेलंय, आणि त्यातलं जवळजवळ सगळं सिगारेटवर. पांढुर्णा-सौसरच्या माणसाला त्यातलं काय उपयोगाचं आहे, ते बघण्यासाठी हा आढावा.

आधी भूगोल, कारण या आजारात तोही मोजावा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात गेलं. पण दुखलंखुपलं की माणूस गाडी धरतो ती नागपूरची. सौसरहून सत्तरेक किलोमीटर, पांढुर्ण्याहून शंभराच्या आसपास. दाताच्या मोठ्या कामासाठी नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा रस्त्यावरची खासगी महाविद्यालयं आहेत, त्यापुढे वर्ध्याजवळ सावंगी मेघे. हिरड्यांचा वेगळा डॉक्टर असतो, त्याला पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात, हेच पुष्कळांना तिथे गेल्यावर कळतं.

हिरडी सरकण्याची कारणं अनेक. कडक ब्रश आडवा घासणं, दात रांगेबाहेर असणं, जन्मतःच हिरडी पातळ असणं, आणि सर्वांत मोठं म्हणजे किटण साचून हिरडीखालचं हाड झिजणं. धूर यातल्या शेवटच्या कारणाला जोर देतो, आणि तेही गुपचूप. हिरडीचा आजार एरवी रक्ताने ओळखू येतो; ब्रश लाल झाला की माणूस घाबरतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याची हिरडी मात्र कमी रक्त गाळते. ती फिकट, घट्ट, वरवर धडधाकट दिसते. आत हाड जातंय, वर निशाण नाही. मामांचं म्हणणं होतंच, "रक्त तं कधी आलं नाही मले."

आता ऑपरेशन. मराठीत याला कलम म्हणायला माझी हरकत नाही, उलट आमच्या भागात याहून चांगला शब्द सापडायचा नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, ते ज्याने एकदा पाहिलं त्याला हिरडीची शस्त्रक्रिया अर्धी समजली. सालीला टी आकाराची चीर, त्यात डोळा सरकवायचा, पट्टी घट्ट बांधायची आणि मग हात लावायचा नाही. वरुडजवळच्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांमध्ये हे काम करणाऱ्यांची बोटं इतकी सराईत असतात की चाकू कधी फिरला ते दिसत नाही. डोळा जगतो तो खुंटाच्या रसावर. रस पोचला नाही तर डोळा काळा पडतो, मग पट्टी कितीही छान बांधलेली असो.

हिरडीतही तेच. टाळूवरून, साधारण सुळा आणि पहिली मोठी दाढ यांच्या मधल्या भागातून, वरची कातडी उचलून आतल्या मांसल थराची एक ते दीड मिलिमीटर जाडीची पट्टी काढतात. ती उघड्या मुळावर ठेवायची, शेजारची हिरडी सोडवून वर ओढून तिच्यावर पांघरायची आणि केसासारख्या बारीक धाग्याने टाके घालायचे. अडचण अशी की या कलमाच्या खाली अर्धा भाग दगड आहे. दाताच्या मुळाला रक्त नसतं. म्हणजे पट्टीला जे मिळायचं ते कडेच्या हिरडीतून आणि वरच्या पांघरुणातून. पहिले दोन-तीन दिवस ती नुसत्या पाझरणाऱ्या द्रवावर तग धरते. मग बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरू लागतात. दहा-अकराव्या दिवसापर्यंत ती जागेवर धरते, दोन आठवड्यांच्या सुमारास टाके निघतात. सगळा खेळ या चौदा दिवसांचा आहे.

आणि बिडीचा घाव नेमका इथेच बसतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो. जखम भरणाऱ्या पेशी नीट चिकटत नाहीत, जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. आधीच दगडावर ठेवलेलं कलम, त्याचा रसही अर्धा तोडला, तर ते जगेल कशावर?

पद्धतींचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण जाहिरातींत रोज नवं नाव येतं. शेजारची हिरडी बाजूला सरकवून मूळ झाकायची रीत ग्रूप आणि वॉरेन यांनी मांडली ती १९५६ साली, म्हणजे आमची सीमा आखली गेली त्याच वर्षी. टाळूवरचा तुकडा कातडीसकट काढून लावायची पद्धत सुलिव्हन आणि ॲटकिन्स यांनी १९६८ मध्ये नीट बसवून दिली. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालयही १९६८ चंच. मग १९८५ साली लँगर आणि लँगर यांनी कातडी तिथेच ठेवून फक्त आतला थर घ्यायची युक्ती काढली. टाळूची जखम छोटी, रंग जुळणारा, रक्त दोन्हीकडून. आजही तुलना करायची ती याच कलमाशी. पुढे झुकेल्ली आणि डी सँक्टिस यांनी २००० साली एकाच वेळी अनेक दात झाकायची रचना दिली, कुणी बोगदा केला, कुणी रुग्णाच्याच रक्तातून फायब्रिनची चकती काढून लावली, २०१२ मध्ये चाओ यांनी टाचणीएवढ्या छिद्रातून हिरडी मुळावर ओढली. 'टाक्यांशिवाय, कापाकापीशिवाय' असं ज्या फलकांवर लिहिलेलं असतं त्याचं मूळ बहुधा या शेवटच्या प्रकारात. सगळ्या मोठ्या आढाव्यांचं म्हणणं अजून तरी असंच की आतल्या थराचं कलम आणि वर ओढलेली हिरडी, या जोडीचा निकाल सगळ्यांत भरवशाचा. हे सगळं धूर न ओढणाऱ्यांसाठी.

धूर ओढणाऱ्यांचं काय, हे पहिल्यांदा ठणकावून सांगितलं ते मिलर यांनी. १९८५ साली त्यांनी उघड्या मुळांची चार वर्गांत वाटणी केली, जी दंतवैद्य अजून पाठ म्हणतात. १९८७ मध्ये आपल्या फसलेल्या कलमांचा हिशेब मांडताना त्यांनी लिहिलं की दिवसाला दहाहून जास्त सिगारेटी ओढणं आणि कलम अपुरं राहणं यांचं नातं फार घट्ट आहे. पुढे आकडे आले. कृत्रिम पडदा लावून केलेल्या शस्त्रक्रियेत ट्रॉम्बेली आणि स्काबिया यांना १९९७ साली दिसलं की धूर न ओढणाऱ्यांत उघड्या मुळाचा सरासरी ७८ टक्के भाग झाकला गेला, ओढणाऱ्यांत ५७. आतल्या थराच्या कलमात मार्टिन्स यांच्या ब्राझीलच्या गटाला २००४ मध्ये अंदाजे ७५ विरुद्ध ५९ टक्के मिळाले. सिल्वा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दहा ओढणारे आणि दहा न ओढणारे घेऊन नुसती हिरडी वर ओढायची शस्त्रक्रिया केली. सहा महिन्यांनी ९१ टक्के आणि ६९ टक्के. त्याहून बोलका आकडा पुढचा: न ओढणाऱ्यांपैकी निम्म्यांचं मूळ पूर्ण झाकलं गेलं, ओढणाऱ्यांत एकाचंही नाही. दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं तर ओढणाऱ्यांची हिरडी मिळवलेल्यातलंही गमावत होती.

२००६ मध्येच अमेरिकेत एर्ली आणि मंडळींनी एक शहाणपणाची गोष्ट केली. माणूस सांगतो त्यावर न जाता थुंकीतलं कोटिनिन मोजलं. निकोटिन शरीरात मोडलं की उरतं ते कोटिनिन. ते लपत नाही. निकाल ९८ विरुद्ध ८२ टक्के. मामांच्या 'शून्य' सिगारेटींनंतर ही चाचणी मला फार आवडली.

दुसरी बाजूही आहे. हॅरिस यांना १९९४ मध्ये आपल्या कलमांत धुराने फरक पडल्याचं दिसलं नाही. आमारांते यांच्या गटालाही २००० साली तसंच आढळलं. म्हणून काही जण म्हणतात की हात चांगला असेल आणि पट्टी जाड असेल तर धूर तितका आड येत नाही. मला हे पूर्ण पटत नाही. सगळे अभ्यास मूठभर माणसांचे, निवडून घेतलेल्या दातांचे, आणि 'ओढणारा' कोणाला म्हणायचं हे प्रत्येकाचं वेगळं. चाम्ब्रोने यांनी २००९ साली हे सगळं एकत्र करून पाहिलं तेव्हा आतल्या थराच्या कलमात तरी तराजू स्पष्टपणे न ओढणाऱ्यांकडे झुकला. आजच्या बहुतेक चाचण्यांमध्ये दहाहून जास्त सिगारेटी ओढणाऱ्याला आतच घेत नाहीत. त्यामुळे जाहिरातीत छापलेली नव्वद टक्के यशाची टक्केवारी ही ज्या माणसाच्या हातात ते पत्रक पडतं, त्याची बहुधा नसतेच.

आता आमच्याकडचा माणूस. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत मध्य प्रदेशातले ३४.२ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. ओढणारे १०.२, चघळणारे २८.१. महाराष्ट्रात ओढणारे अवघे ३.८ आणि चघळणारे २४.४. म्हणजे सीमेच्या अलीकडे-पलीकडे चघळणं जवळपास सारखंच, ओढणं मात्र आमच्या बाजूला अडीचपटीहून जास्त. ३४.२ हा एकूण आकडा १०.२ आणि २८.१ यांच्या बेरजेपेक्षा कमी भरतो, त्याचा अर्थ इतकाच की काही जण दोन्ही करतात. मामा त्यातलेच निघाले.

पानठेल्यावर खर्रा कसा होतो ते पाहा. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि बोटभर चुना प्लास्टिकच्या पन्नीवर टाकायचा, पन्नी मिटायची आणि लाकडी फळीवर तळव्याने जोर देऊन घोटत राहायचं. सुपारीचा पिवळट रंग तपकिरी होतो, वास नाकात जातो, पुडीला रबर लागतं. गिऱ्हाईक एक चिमूट खालच्या ओठाच्या आत, पुढच्या दातांशी दाबतो आणि तिथेच ठेवतो. चुन्याने निकोटिन लवकर शोषलं जातं, कडा भाजतात, सुपारी गालाचं मांस कडक करत नेते. १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की तंबाखूची गोळी जिथे ठेवतात, नेमकी तिथलीच हिरडी खाली सरकलेली असते. आमच्या पानठेल्यावरच्या कुणालाही ओठ खाली ओढून आरशात बघायला सांगा.

गुटख्यावर देशात पहिली बंदी मध्य प्रदेशने घातली, १ एप्रिल २०१२ ला. जुलैत महाराष्ट्र आला. पुडीतला गुटखा अडवता येतो, गिऱ्हाइकासमोर घोटला जाणारा खर्रा कोण अडवणार?

तर प्रश्न असा की मिलर यांच्या दहा सिगारेटींचं आम्ही काय करायचं? तेंदूपत्त्याच्या बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा पुष्कळ कमी असतो, पण पान हवा आत घेत नाही, बिडी सारखी विझते, म्हणून झुरके जास्त आणि खोल मारावे लागतात. एका बिडीमागे शरीरात जाणारं निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटहून कमी नसतं, बरेचदा जास्तच. म्हणजे बंडल ओढणाऱ्याला कमीत कमी 'जास्त ओढणारा' या खान्यात टाकायला हवं. आणि खर्रा? तो धूर नाही, म्हणून धुराच्या अभ्यासात नाही. पण निकोटिन तेच, वर सुपारी आणि चुना, आणि जागा थेट टाक्यांवर. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने मी त्याला बिडीइतकाच, खालच्या पुढच्या दातांसाठी तर बिडीहून वाईट धरेन. पंधरा वर्षं खर्रा खाणाऱ्याचा गाल आणि जिभेखालचा भाग आधी नीट तपासायला हवा. पांढरा चट्टा असेल, तोंड तीन बोटं उघडत नसेल, तर हिरडीचं सौंदर्य बाजूला ठेवून नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयाचा नाहीतर तोंडाच्या शस्त्रक्रियेच्या विभागाचा रस्ता धरायचा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना कुणी सांगत नाही. सगळी उघडी मुळं झाकता येतच नाहीत. २०११ साली कैरो यांनी सोपा हिशेब दिला. दोन दातांच्या मधली हिरडी आणि हाड शाबूत असेल तर पूर्ण झाकण्याची आशा. मधलं थोडं गेलं असेल तर थोडी. मधलं बाहेरच्यापेक्षा जास्त गेलं असेल तर नाही. बिडी ओढणाऱ्यांत मधलं हाड गेलेलं असण्याची शक्यता जास्त, कारण त्यांचा आजार ब्रशचा नाही, हाडाचा आहे. म्हणजे ज्यांच्या हिरड्या सर्वांत वाईट, त्यांनाच या शस्त्रक्रियेचा उपयोग सर्वांत कमी. अशांसाठी किटण काढणं, मुळं गुळगुळीत करणं, फ्लोराइडचा लेप, झणका कमी करणारी पेस्ट, खाच पडली असेल तर दाताच्या रंगाचं सिमेंट भरणं, ही साधी कामं आधी येतात. ती कुठलाही चांगला दंतवैद्य पांढुर्ण्यात किंवा सौसरात करू शकतो. नागपूरला जायची गरज नाही, आणि टाळू कापायची तर नाहीच.

मामांचे खालचे पुढचे दात कैरो यांच्या तिसऱ्या खान्यात बसले. वरचा डावा सुळा मात्र पहिल्या खान्यात, चार मिलिमीटर मूळ उघडं. आम्हाला भेटलेल्या हिरड्यांच्या डॉक्टर सरळ माणूस होत्या. म्हणाल्या, सुळ्याचं करता येईल, पण बिडी सुटल्याशिवाय मी हात लावणार नाही. तीन महिने सोडा, मग या. काही जण शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दोन-दोन आठवडे बंद ठेवा म्हणतात. मिलर यांचंही निरीक्षण होतं की सुरुवातीचे दोन आठवडे ज्यांनी खरंच ओढलं नाही त्यांचं कलम बरं धरलं. पण दोन आठवड्यांसाठी सोडलेली बिडी पंधराव्या दिवशी परत येते आणि दोन वर्षांत हिरडी पुन्हा उतरते, हे सिल्वांच्या रुग्णांनी दाखवलंच आहे. डॉक्टरांनी तंबाखूमुक्तीचा १८००-११-२३५६ हा फुकट क्रमांक दिला. निकोटिनची गोळी चघळण्यापेक्षा दंडावर लावायची पट्टी बरी, कारण तोंडात काही नको, असंही सांगितलं.

मामा चिडले. "दात दुखते माया, अन हे बाई बिडीवर घसरते." पण बागेत डोळा भरल्यावर पट्टीला बोट लावणाऱ्या गड्याला मामा काय बोलतात ते मी ऐकलंय, ते मी त्यांना आठवून दिलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. पहिला महिना वाईट गेला. बिडीऐवजी खर्रा सुरू झाला, तो मामींनी पकडला. मग दोन्ही बंद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीवर गोटमारीची जत्रा पाहायला गेलेले असताना, पुन्हा एक बिडी झाली, तेही त्यांनीच सांगितलं. तीन महिन्यांचे पाच झाले.

कलमाच्या दिवशी तासाभरात काम झालं. नंतरचे चौदा दिवस मामांनी मऊ भात, गार वरण खाल्लं आणि त्या बाजूला ब्रश लावला नाही. नुसती औषधी पाण्याने चूळ भरायचे. टाळूची जखमच जास्त दुखली. टाके काढायला आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. पट्टी गुलाबी होती. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी बारीक पट्टीने मोजलं तेव्हा चारपैकी तीन मिलिमीटर झाकलं गेलं होतं, एक राहिलं होतं. त्यांनी तो आकडा केसपेपरवर लिहिला, मग वर पहिल्या पानावर गेल्या, 'सिगारेट' हा छापील शब्द खोडला आणि शेजारी पेनाने लिहिलं: बिडी, २२ रोज, ४० वर्षं, खर्रा, कधीमधी.